एकोणिसावं प्रमाणपत्र

वायरमनने भिंतीतली तीन सॉकेटं काढून पिशवीत टाकली आणि चौथ्यापाशी येऊन तो थबकला.

"बाई, ह्याच्याभोवती हे लाल कडं कुणी काढलंय? पोराबाळांनी?"

"नाही. ते राहू द्या. ते मी काढीन."

"अहो, उद्या भिंत पाडायला येणार आहेत."

"मग आज काढीन. तुम्ही वरचं काम बघा."

वायरमन जिन्याकडे वळला. जाता जाता पुटपुटला, "रिटायर व्हायची वेळ आली की माणसं सॉकेटातसुद्धा जीव अडकवतात." त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. पण चौतीस वर्षं यंत्रांची कुजबुज ऐकण्यात गेलेले कान होते तिचे. त्यांना सगळं ऐकू येत असे.

दवाखान्याच्या तळघरातलं हे वर्कशॉप आता नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं. आणि महिनाअखेरीला ती स्वतः निवृत्त होणार होती. जागा आणि माणूस एकाच खेपेत निघणार होते. लाकडी टेबल, त्यावरचे सोल्डरचे चंदेरी ठिपके, जॅमच्या बरण्यांत आकाराप्रमाणे लावलेले स्क्रू, आणि छताजवळची ती एकुलती एक बुटकी खिडकी, जिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. एवढ्या जगात तिचं सगळं आयुष्य मावलं होतं, आणि कधी तंग झालं नव्हतं.

सॉकेटच्या बरोबर समोरच्या भिंतीवर तिचं प्रमाणपत्र टांगलेलं होतं. क्रमांक एकोणीस.

नव्याने कामाला लागणाऱ्या मुली एक ना एक दिवस त्या आकड्यापाशी अडखळत. "बाई, परीक्षेचे नियम तुम्ही लिहिलेत. पहिली प्रश्नपत्रिका तुम्ही टाइप केलीत. मग अठरा जण तुमच्या पुढे कसे गेले?"

"रांगेत उशिरा उभी राहिले," एवढंच ती म्हणे आणि हातातल्या कामाला लागे.

आज तिने चौकट खाली उतरवली, पदराने काच पुसली आणि टेबलावर उताणी ठेवली. मग स्टुलावर बसून लाल कड्याकडे बघत राहिली.

*

ती इथे आली तेव्हा 'क्लिनिकल इंजिनीअर' हा शब्द दवाखान्यातल्या लोकांनाही धड ठाऊक नव्हता. पेशंटच्या उशाशी जी यंत्रं असतात ती ठणठणीत ठेवणारं माणूस, असं फोडून सांगावं लागे. तिच्या आईने तर तोही त्रास घेतला नव्हता. "मुलगी दवाखान्यात आहे," एवढं सांगून ती गप्प बसे आणि पुढचं लोकांना हवं ते समजू देई. मग शेजारच्या काकू जीभ बाहेर काढून दाखवायला येत. "काकू, तुमचा मिक्सर बिघडला तर सांगा," असं म्हटलं की आई स्वयंपाकघरातून डोळे वटारत असे.

तळघरात तेव्हा वस्तादांचं राज्य होतं. वस्ताद म्हणजे वर्कशॉपचे प्रमुख. पण प्रमुख हा शब्द त्यांना कोटासारखा व्हायचा, कुठेतरी काखेत दाटायचा. आधी रेडिओ दुरुस्तीचं दुकान, मग दवाखान्यात मदतनीस, मग इथलं सगळं. डिग्री नाही. चष्म्याच्या एका काडीला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. खिडकीतून दिसणारे बूट बघून ते सांगत, "ऑपरेशन थिएटरचं काहीतरी बिघडलंय, चहा आधी पिऊन घे."

पहिल्या दिवशी त्यांनी तिला वरून खालून न्याहाळलं.

"या, इंजिनीअरीणबाई. वरच्या खणात मीटर, खालच्या खणात चहाचे ग्लास. ज्याने वापरलं त्याने धुवायचं."

"मीटर धुवायचा?"

"पुसायचा. डिग्रीवाल्यांना सगळं फोडून सांगावं लागतं."

आणि मग त्यांनी तिला पहिली गोष्ट शिकवली. कुठल्याही यंत्राला प्रथम हात लावायचा तो हाताच्या पाठीने. "तळहात लावलास आणि वीज असली, तर मूठ आपोआप मिटते. पकडून बसशील. पाठ लावलीस तर हात झटकला जातो. पोरी, पुस्तकात असेल हे, पण हाताला माहीत पाहिजे." तिच्या पुस्तकात ते नव्हतंच.

चूक झाली ती दुसऱ्या वर्षी.

वस्तादांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यांनी तीन आठवड्यांची रजा घेतली, जी त्यांनी त्याआधी कधी घेतली नव्हती. जाताना म्हणाले, "हृदयाच्या वॉर्डातली आणि अतिदक्षता विभागातली यंत्रं वर्षाच्या तपासणीला आली आहेत. गळती मोजून ठेव. तुला जमेल."

गळती म्हणजे विजेची. प्रत्येक यंत्राच्या पत्र्यातून थोडी वीज झिरपतेच. ती शंभर मायक्रोअँपिअरच्या आत आहे ना, एवढं बघायचं असतं. निरोगी माणसाला तेवढी कळतही नाही. पण ज्याच्या हृदयापर्यंत एखादी तार गेलेली आहे, त्याला त्याहून कितीतरी कमी वीजही पुरते.

वॉर्डात मोजायला गेलं की सिस्टर हाकलून देत. "आता नाही, राऊंड चालू आहे. आता नाही, पेशंट झोपलाय." दोन दिवस असे फुकट गेल्यावर तिने युक्ती काढली. यंत्रं तीन-तीन करून ट्रॉलीवरून खाली आणायची, टेबलावर शांतपणे मोजायची आणि हिरवं लेबल बांधून परत पाठवायची. आठ दिवसांत एकेचाळीस यंत्रं झाली. आकडे इतके सुंदर आले की रजिस्टरचं पान उघडं टाकून ती चहा पीत त्याच्याकडे बघत बसली.

वस्ताद परत आले, टेप लावलेला चष्मा नाकावर चढवला आणि पान वाचलं.

"दोन. तीन. दोन. एक. दोन." त्यांनी मान वर केली. "पोरी, ही यंत्रं आहेत की संत?"

"सगळी उत्तम स्थितीत आहेत, वस्ताद."

"इतकी गुणी यंत्रं मी जन्मात पाहिली नाहीत. कुठे मोजलीस?"

"इथेच. टेबलावर."

वस्ताद खुर्ची न बघताच खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

टेबलापाशी जे सॉकेट होतं त्याच्यामागे, टेबलाखाली, एक ट्रान्सफॉर्मर होता. उघडं यंत्र दुरुस्त करताना शॉक बसू नये म्हणून वस्तादांनीच तो बसवला होता. तो ट्रान्सफॉर्मर मधे आला की तिथल्या विजेचं जमिनीशी नातं तुटतं. दुरुस्ती करणाऱ्याच्या जिवाला ते चांगलं. पण जमिनीशी नातंच नाही तर गळती जाणार कुठे? कितीही आजारी यंत्र तिथे लावलं तरी मीटर दोन किंवा तीनच दाखवणार. मुख्य नळ बंद करून पाइप गळतो का ते बघण्यासारखं होतं ते. आणि तिने एकदा नाही, एकेचाळीस वेळा बघितलं होतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी चहाही घेतला नाही. वॉर्डात जाऊन, ज्या त्या यंत्राच्या ज्या त्या प्लगवर, सगळी एकेचाळीस परत मोजली. सिस्टर ओरडल्या तर वस्ताद म्हणत, "ओरडा, पण बाजूला सरका." एकोणचाळीस खरोखरच ठीक निघाली. दोन आजारी होती. त्यांतलं एक सहा नंबरच्या खाटेपाशी, हृदयाचे ठोके दाखवणारं. प्लगच्या आत अर्थिंगची, गळती जमिनीत नेणारी तार तुटलेली. मीटरचा काटा चारशेच्या पुढे गेला.

त्या खाटेवरच्या बाईंच्या हृदयात, शिरेतून सोडलेली एक बारीक तार होती. सहा दिवस ते यंत्र त्यांच्या उशाशी होतं, वर हिरवं लेबल बांधून. त्या सहा दिवसांत काही झालं नाही. झालं नाही, एवढंच. उलट, दोघं यंत्र हलवत असताना त्या बाईंनीच विचारलं, "का हो, चांगलं चाललं होतं की. का नेता?"

वस्ताद तिला घेऊन मेट्रनकडे गेले. मेट्रन म्हणजे दवाखान्यातल्या साऱ्या सिस्टरांच्या प्रमुख. उंच, कडक, बोलण्यात काटकसरी. बोलले ते वस्तादच. ती जमिनीच्या फरशा मोजत उभी होती. मेट्रननी शेवटी विचारलं, "पेशंट ठीक आहे?" "आहे." "मग जा. पुढे नीट बघा."

खाली आल्यावर वस्तादांनी एकेचाळीस नोंदींवर लाल पेनने रेघ मारली आणि खाली नवे आकडे लिहिले. त्या काळी नोंदीसमोर तपासणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नव्हती. वर्कशॉप वस्तादांचं, म्हणून नोंदी वस्तादांच्या. मग त्यांनी आगीच्या बादल्या रंगवून उरलेला लाल रंग शोधून काढला आणि बोटाने, ब्रशही न घेता, सॉकेटभोवती कडं ओढलं. विषय संपला. त्यांनी पुन्हा तो कधीही काढला नाही, थट्टेतसुद्धा नाही. आणि वस्ताद थट्टा करायची संधी सोडणाऱ्यातले नव्हते.

ती मात्र पुढे कित्येक वर्षं सहा नंबरच्या खाटेवरून जाताना आधी प्लगकडे बघत असे आणि मग पेशंटकडे.

*

प्रमाणपत्राची गोष्ट त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झाली. दुसऱ्या एका दवाखान्यात एक पेशंट यंत्राने भाजला. चौकशीत विचारलं गेलं, हे यंत्र कोणी तपासलं होतं? उत्तर आलं, पंखे दुरुस्त करणाऱ्याने. हे ऐकून इथले हृदयाचे डॉक्टर इतके संतापले की त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मग ती चोळत बसले. "मी डॉक्टर आहे हे मला कागदावर सिद्ध करावं लागतं. माझ्या पेशंटला जोडलेल्या यंत्रावर जो सही करतो, त्याला कोणी काही विचारत नाही?"

तीन-चार दवाखान्यांनी मिळून मंडळ केलं. हृदयाचे डॉक्टर अध्यक्ष. इंजिनीअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक, दुसऱ्या दवाखान्यातले एक जुने इंजिनीअर, मेट्रन, आणि ती. तिला चिटणीस केलं, कारण ती सगळ्यांत लहान होती आणि तिला टाइप करता येत होतं.

पहिल्याच बैठकीत घोडं अडलं. परीक्षा घ्यायची ठरली, पण घेणार कोण? प्रमाणपत्र असलेलं माणूस तर जगात नव्हतं. ही अडचण तिने खाली येऊन सांगितली तेव्हा वस्ताद हसून हसून खोकले. "जगातल्या पहिल्या न्हाव्याची हजामत कोणी केली, ते आधी शोधा म्हणावं!" शेवटी ठरलं की मंडळातल्या दोघा इंजिनीअरांची परीक्षा बाकीच्यांनी घ्यायची आणि मग दार सगळ्यांना उघडायचं.

प्रश्न तयार करायचं काम तिच्याकडे आलं. दोनशे दहा प्रश्न. दिवसाचं काम आटोपलं की ती टाइपरायटर याच टेबलावर ठेवी आणि वस्ताद सोल्डर करता करता बोलत.

"लिही. सिस्टर धावत येते, म्हणते मशिन बंद पडलं. पहिलं काय बघशील?"

"फ्यूज."

"नापास. पहिलं पेशंट बघायचं. मग सिस्टर. मग मशिन."

"सिस्टर कशाला?"

"तिनेच प्लग काढून मोबाइलचा लावला असेल, असं म्हणायची आता सोय आहे. त्या काळी इस्त्री लावत."

ती दचकली. मोबाइल तर तेव्हा नव्हतेच. आठवणीत वस्तादांच्या तोंडी नंतरची वाक्यंही जाऊन बसली होती. स्टुलावर बसल्या बसल्या ती स्वतःशीच हसली. त्यांनी तेव्हा फक्त इस्त्रीचं म्हटलं असणार; मोबाइलचं ते म्हातारपणी, भेटायला गेल्यावर म्हणाले होते. नोंद दुरुस्त करायला हवी. लाल पेनने.

दोनशे दहांतले निदान नव्वद प्रश्न वस्तादांचे. आणि नियमांचा मसुदा पक्का झाला तेव्हा त्यात पहिलंच कलम असं होतं : परीक्षेला बसण्यासाठी इंजिनीअरिंगची पदवी आवश्यक. येत्या वर्षापासून प्रमाणपत्रधारकाच्या सहीशिवाय कुठल्याही यंत्राला लेबल बांधता येणार नाही.

म्हणजे वस्तादांनी दुरुस्त केलेलं यंत्र तिच्या सहीने वर जाणार. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना ते आपलं काम तिच्यापुढे सरकवणार, आणि ती सही करणार. ह्या विचाराने तिला जेवण जाईना. तीन बैठकांमध्ये ती भांडली. टाइप करणारी मुलगी एवढी बोलते, याचं प्राध्यापकांना आश्चर्य वाटलं. शेवटी एक पोटकलम निघालं : पंधरा वर्षं काम केलेल्यांना लेखी परीक्षा माफ, त्यांनी आपली रजिस्टरं घेऊन मंडळापुढे तोंडी परीक्षा द्यावी.

वस्तादांना तिने हे सांगितलं तेव्हा त्यांनी सोल्डरची लोखंडी कांडी जागेवर ठेवली. "मी आणि परीक्षा? तुझ्या सहीने माझं मशिन वर गेलं तर जाऊ दे की. माझं अक्षर तसंही कुत्र्यामांजराच्या पायांसारखं आहे."

"वस्ताद, मला तुमच्या कामावर सही करता येणार नाही."

"का? हात दुखतो?"

तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी बघितलं. "बरं बरं," ते म्हणाले. "रडून माझ्या टेबलावर शॉर्ट करू नकोस. देतो परीक्षा."

त्याआधी तिची परीक्षा झाली. प्रश्न तिचेच, तरी घाम फुटला. शेवटी डॉक्टर मागे टेकून म्हणाले, "आता कागदावर नसलेला प्रश्न. तुमच्या हातून कामात झालेली एक चूक सांगा."

तोंडापर्यंत आलं होतं. एकेचाळीस. सहा नंबरची खाट. समोर मेट्रन बसल्या होत्या, पेन्सिल स्थिर धरून. तिने तोंड उघडलं आणि सांगितली ती फ्यूजची गोष्ट : एका अँपिअरच्या जागी दहाचा बसवला, धूर निघाला, वस्ताद म्हणाले, धुरी द्यायला डास तरी आहेत का? सगळे हसले. मेट्रन सोडून. तिला प्रमाणपत्र मिळालं, क्रमांक दोन.

खाली वस्ताद वाट बघत होते. तिने सगळे प्रश्न सांगितले.

"आणि शेवटचा?"

"एक चूक सांगा म्हणाले."

"मग?"

"फ्यूजची सांगितली."

वस्ताद चष्म्याची काच पुसत राहिले. "हं," ते म्हणाले. "धूर झाला होता खरा."

*

अडीच महिन्यांनी वस्तादांची तोंडी परीक्षा झाली. तोवर सतरा जण पास झाले होते. काकूंनी शर्टाला इतकी कडक इस्त्री केली होती की वस्ताद मान वळवायची तर सगळे वळत. बरोबर कापडी पिशवीत नऊ रजिस्टरं.

ती कोपऱ्यात बसून प्रश्नोत्तरं टिपून घेत होती. पहिला तास मजेत गेला. प्राध्यापकांनी सूत्र विचारलं तर वस्ताद म्हणाले, "सूत्र ठाऊक नाही, पण उत्तर साधारण इतकं येईल," आणि आकडा बरोबर आला. दुसऱ्या दवाखान्यातले इंजिनीअर तर प्रश्न विसरून गप्पाच मारायला लागले.

मग प्राध्यापकांनी रजिस्टरं चाळायला घेतली आणि चौथ्या रजिस्टरात ते थांबले.

"हे काय आहे? एकेचाळीस नोंदी रद्द?"

तिच्या पेनाची शाई कागदावर एका जागी पसरत गेली.

वस्तादांनी वाकून पान बघितलं. बघायची गरज नव्हती. "चूक झाली होती," ते म्हणाले. "टेबलावरच्या सॉकेटला लावून गळती मोजली गेली. त्याच्यामागे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे."

प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे सगळे आकडे निरर्थक. आणि यंत्रं वॉर्डात गेली?"

"गेली. दोन आजारी होती. एक सहा दिवस पेशंटपाशी होतं."

"कोणी मोजली होती?"

"वर्कशॉप माझं आहे."

"ते नाही विचारलं. मोजली कोणी?"

"मीच समजा."

प्राध्यापकांनी रजिस्टर मिटलं. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना कळला. "अध्यक्षसाहेब, यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण ही चूक करणाऱ्याच्या हाती सही द्यायची असेल तर आपण ही परीक्षा कशाला काढली?"

वस्तादांचे हात गुडघ्यांवर होते, पाठी वर करून. तिची नजर त्या हातांवर गेली आणि मग तिथून हलेना.

ती उभी राहिली. "त्या नोंदी माझ्या आहेत."

"बस खाली," वस्ताद मान न वळवता म्हणाले. इस्त्रीमुळे वळलीही नसती. "माझा पेपर चालू आहे ना? मधे बोलायला कोणी सांगितलं?"

"वस्ताद त्या तीन आठवड्यांत रजेवर होते. हजेरीपट बघा. यंत्रं मी खाली आणली, मी मोजली, लेबलं मी बांधली. त्यांनी परत आल्यावर आकडे बघूनच ओळखलं, आणि सगळी यंत्रं वॉर्डात परत मोजली." शब्द मोजून येत होते. "आणि मला याच खोलीत विचारलं होतं, एक चूक सांगा. मी फ्यूजची गोष्ट सांगितली."

"चांगली गोष्ट होती," डॉक्टर हळूच म्हणाले.

"म्हणूनच सांगितली."

मेट्रननी पेन्सिल खाली ठेवली. "हे दोघं त्या दिवशी माझ्याकडे आले होते. मला ठाऊक होतं कोणाची चूक ते. एक बोलत होता आणि दुसरी फरशा मोजत होती." त्या तिच्याकडे वळल्या. "तुझ्या परीक्षेत मी वाट बघत होते, पोरी. बोलले नाही. ते तुझं तू बोलायचं होतं."

"पण चूक माझीच आहे!" वस्ताद आता खरंच चिडले होते. "ट्रान्सफॉर्मर बसवला मी. टेबलाखाली लपवला मी. रजेवर जाताना सांगितलं नाही मी. तिने मीटरवर जे दिसलं तेच लिहिलं. मीटर खरा होता, ती खरी होती, जागा खोटी होती. आणि जागा माझी."

"मग नंतर काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाल रंग लावला."

"एवढंच?"

"साहेब, तुम्ही येऊन बघा. त्या कड्यात प्लग घालायच्या आधी आजही माझा हात थांबतो. याहून जास्त काय करणार?"

दोघांना बाहेर बसवण्यात आलं. बाकावर बसल्यावर वस्ताद पिशवीतून रुमाल काढून कपाळ पुसत म्हणाले, "फ्यूजची गोष्ट तुझ्या तोंडी शोभत नव्हती." आणि थोड्या वेळाने, "आता बरं वाटतंय का?"

"नाही."

"वाटेल."

आत बोलावून डॉक्टरांनी निकाल सांगितला. वस्ताद पास, क्रमांक अठरा. प्राध्यापकांनी स्वतः उठून त्यांच्या हातात हात दिला. बाहेर जाताना तिने आपलं दोन नंबरचं प्रमाणपत्र फायलीतून काढून टेबलावर ठेवलं होतं; ते कोणी तिच्याकडे परत सरकवलं नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी होती. तेव्हा तिने पुन्हा बसावं. तोवर सही नाही. यादीत दोन क्रमांकाची ओळ आजही तशीच आहे, 'परत केलं' असा शेरा असलेली. तो शेरा चिटणीस म्हणून तिनेच टाइप केला.

आणि मग ते सहा महिने. ज्या गोष्टीच्या भीतीने तिला जेवण जात नव्हतं ती उलटी होऊन घडली : ती यंत्र दुरुस्त करी, मोजे, आणि लेबल घेऊन वस्तादांपुढे उभी राही. ते पेन काढून, चष्मा सारखा करून, दर वेळी तेच विचारत.

"टेबलावर की वॉर्डात?"

"वॉर्डात, वस्ताद."

"बघ हं. खोटं बोललीस तर प्राध्यापकांना सांगेन."

मग ती कुत्र्यामांजराच्या पायांची सही उमटे. नोंदीसमोर आता तपासणाऱ्याच्या नावाचा रकाना होता; तो तिनेच मंडळाकडून मंजूर करून आणला होता. सहा महिन्यांत त्या रकान्यात तिचं नाव आणि शेजारी त्यांची सही, अशी पानंच्या पानं भरली. आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे महिने कोणते, असं कोणी विचारलं असतं तर तिने तेच सांगितले असते. कोणी विचारलं नाही.

पुन्हा परीक्षा दिली तेव्हा डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला. तिने सांगितलं, सहा नंबरच्या खाटेसकट. कोणी हसलं नाही. त्या फेरीतली पहिली ती, म्हणून क्रमांक एकोणीस. अठराच्या लगेच मागे.

*

तिने उठून टेबलाखालचा स्विच बंद केला. मग सॉकेटच्या पत्र्याला हाताची पाठ लावली. वीज तोडलेली होती हे ठाऊक असूनही. चारही स्क्रू काढले. तीस वर्षांत ते असे बसले होते की प्रत्येकाने कुरकुर केली. सॉकेट हातात आलं. लाल कडं मात्र भिंतीवरच राहिलं, मधे चौकोनी भोक असलेलं. ते भिंतीबरोबर जाणार होतं.

हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. रंग भिंतीवर होता, सॉकेटवर नाही. इतकी वर्षं रोज बघूनही.

ती जिना चढून वर गेली. नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, वायरमन नव्या टेबलापाशी ओणवा होऊन सॉकेटांची रांग बसवत होता. भिंत पांढरीशुभ्र, डोळ्यांना टोचेल इतकी.

"ट्रान्सफॉर्मरवरचं कुठलं?" तिने विचारलं.

"हे, डावीकडून दुसरं. का?"

तिने पिशवीतून लाल रंगाची लहानशी डबी काढली. ती तिने परवाच आणून ठेवली होती. कशासाठी, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं. झाकण उघडून बोट बुडवलं.

"बाई! अहो, नवी भिंत आहे! वरचे साहेब मला फाडून खातील!"

"माझं नाव सांगा."

कडं तितकंसं गोल आलं नाही. वस्तादांचंही नव्हतं. तिने बोट रुमालाला पुसलं आणि दोन पावलं मागे सरकून बघितलं. वायरमन कमरेवर हात ठेवून आधी भिंतीकडे आणि मग तिच्याकडे बघत होता.

"आता तरी सांगाल का, हे कशाला ते?"

तिने एक खोकं ओढलं आणि त्यावर बसली. वायरमननेही स्क्रूड्रायव्हर खिशात खोचला.

"एकेचाळीस यंत्रं होती," ती म्हणाली, "आणि सगळी मीच मोजली होती."